फोरमनची संध्याकाळची फेरी

फोरमनना कुणी नावाने हाक मारत नसे. पंप बनवणाऱ्या कारखान्यात लेथ विभागाचे ते फोरमन होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी इमारतीतल्या लहानथोरांच्या तोंडी तेच राहिलं. कुणाची इस्त्री तापत नसे, कुणाचा मिक्सर बोंबलत असे, कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा घसरत असे. सगळी मंडळी जिना चढून फोरमनच्या दारात यायची. फोरमन मोबदल्यात एक पैसा घेत नसत. फक्त कौतुक घेत, पण ते मात्र जागच्या जागी आणि पुरेपूर. मिक्सर परत देताना 'काय झालं होतं हो?' असं विचारायला कुणी विसरलं, तर त्या घरचा पुढचा बिघाड त्यांना लवकर सापडत नसे.

कारखान्याने त्यांना दोन नियम लावले होते आणि ते हाडात मुरले होते. पहिला म्हणजे चालू मशीनला हात लावायचा नाही. त्यांच्या उमेदवारीच्या काळात शेजारच्या लेथवरच्या माणसाने तो लावला होता आणि पुढे जन्मभर डाव्या हाताने सही केली होती. दुसरा नियम असा की पाळी संपली की प्रत्येक चाक, प्रत्येक तबकडी शून्यावर आणून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या माणसाला फसगत नको. शून्यावर नसलेलं मशीन सोडून घरी गेलेल्या कामगाराला फोरमन दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर असं काही सोलून काढत, की त्याला पुन्हा सांगावं लागत नसे.

निवृत्तीनंतर पाळी उरली नाही, पण दिवे लागायच्या वेळी त्यांची घरभर एक फेरी व्हायचीच. गॅसचा खटका बघायचा, नळ पिळायचा, इस्त्रीचा प्लग काढायचा, रिकाम्या खोलीतल्या पंख्याचं बटण शून्यावर आणायचं. डोक्यात भलतंच काही चालू असलं तरी हात आपलं काम करत पुढे जायचे. त्यांची बायको होती तोवर म्हणायची, "झाली का गस्त?" ती गेली, मुलाचं लग्न झालं, सून आली, तरी गस्त काही चुकली नाही.

सून स्वभावाने शांत होती. हिशेबनीसाचं काम ती घरूनच करायची. आपल्या कमाईतून तिने स्वतःसाठी म्हणून एकच चैन केली होती, ती म्हणजे एस्प्रेसोचं यंत्र आणि त्याच्या शेजारी कॉफीच्या बिया दळायचा ग्राइंडर. पहिल्या दिवशी फोरमननी तो पसारा बघून नाक मुरडलं. "एवढ्याशा कपासाठी एवढा कारखाना?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने तो एवढासा कप त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या दिवसापासून ते सकाळी दात घासून मुकाट्याने ओट्यापाशी येऊन उभे राहू लागले. मुलगा तेव्हा कामावर निघून गेलेला असायचा. दोघं उभ्या उभ्या कॉफी प्यायचे. फार बोलणं होत नसे, पण बायको गेल्यापासून फोरमनना सकाळ कशी सुरू करायची ते कळत नव्हतं आणि आता ते कळायला लागलं होतं.

आणि मग तो ग्राइंडर अडकायला लागला.

सकाळी सून बटण दाबायची, आतून नुसता 'हूंऽऽ' असा कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि चाक काही फिरायचं नाही. पहिल्यांदा अडकला तेव्हा फोरमनना मनातून आनंदच झाला. त्यांनी बाह्या सरसावल्या, ओट्यावर जुना टॉवेल अंथरला, वरचं भांडं काढलं, बिया उपसल्या. आत जात्याच्या दोन दगडांसारख्या एकीवर एक दोन दातेरी चकत्या होत्या, आणि त्यांच्या मधे चुरा सिमेंटसारखा घट्ट बसला होता. त्यांनी तो दाभणाने उकरला, ब्रशने झाडला, चकती बसवली, बटण दाबलं. ग्राइंडर सुरळीत घुमू लागला.

"काय झालं होतं हो, बाबा?" सुनेने लगेच विचारलं. तिला रीत माहीत होती.

"माती खाल्ली होती त्याने," फोरमन म्हणाले. "आता नाही खाणार."

दोन दिवसांनी त्याने परत माती खाल्ली. फोरमननी परत टॉवेल अंथरला. मग आणखी एकदा. मग असं होऊ लागलं, की आठवड्यातून निम्म्या सकाळी ओट्यावर कॉफीऐवजी टॉवेल दिसायचा. फोरमननी बियांवर संशय घेतला. फार तेलकट आहेत म्हणून त्या बदलायला लावल्या. बियांत खडे असतील म्हणून पाकीट ताटात ओतून चष्मा लावून निवडले. विजेचा दाब मोजला, वायर बदलली. एकदा तर मोटर काढून कानाशी धरून डॉक्टरसारखी तपासली. मोटर ठणठणीत होती. आता इमारतीतले लोकही जिन्यात विचारू लागले, "काय फोरमन, कॉफी मिळाली का आज?" विचारणारा सहज विचारायचा, पण फोरमनच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्यांच्या हातून गेलेलं मशीन इतक्यांदा परत आलं नव्हतं.

आणि यंत्रात दोष सापडत नसला की फोरमनच्या हिशेबात एकच गोष्ट उरायची, ती म्हणजे चालवणारा.

"बाबा," एका सकाळी सून चाचरत म्हणाली, "ही रिंग आपोआप फिरते का हो? मी नऊवर ठेवते. सकाळी बघते तर शून्यावर असते."

ग्राइंडरच्या गळ्याभोवती आकडे कोरलेली एक रिंग होती. आकडा कमी केला की चकत्या जवळ येत आणि पूड बारीक होई. शून्य म्हणजे चकती चकतीला टेकलेली.

"आपोआप जगात काही होत नसतं," फोरमन टॉवेल झटकत म्हणाले. "तूच फिरवतेस आणि विसरतेस."

सुनेचा चेहरा पडला. फोरमननी तो पाहिला आणि ते आपली चकती पुसत राहिले. तिच्या आईला विसरण्याचा आजार होता. आधी चष्मा, किल्ल्या, दुधाचं भांडं असं किरकोळ विसरणं सुरू झालं, आणि आता तर ती लेकीलाच 'तुम्ही कोण?' असं विचारायची. हे फोरमनना ठाऊक होतं. त्या घरी ते स्वतः दोनदा जाऊन आले होते आणि परत येताना सुनेच्या डोक्यावर हात ठेवून 'सगळं ठीक होईल' असंही म्हणाले होते. तरी ते 'विसरतेस' असं म्हणाले.

मधे ते आठवडाभर बहिणीकडे राहून आले. परत आले तेव्हा सुनेने हसतमुखाने कप पुढे केला. "बाबा, नवल ऐका. तुम्ही नव्हतात ना, तर एकदाही अडकला नाही!"

बिचारीने आनंदाने सांगितलं होतं. फोरमननी त्याचा अर्थ काय लावावा? त्यांना वाटलं, आपल्याला टोमणा मारला. तुमच्या दुरुस्तीनेच बिघडतं म्हणते! ते त्या दिवशी धड जेवले नाहीत, आणि दुसऱ्या सकाळी ग्राइंडर पुन्हा अडकला, तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तडक बहिणीला फोन लावला. बहीण कानाने जड, त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे पटांगणात हाळी द्यायची.

"अगं, हिच्या हाताला यंत्रच टिकत नाही!" फोरमन ओरडून सांगत होते. "हल्ली लक्षातही राहत नाही काही! हो, हो! आईवर गेलीय! आईवर!"

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. मग नळ परत चालू झाला.

फोरमनना ते ऐकू आलं होतं. फोन ठेवून ते बाल्कनीत जाऊन बसले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. बोललो ते खरंच आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण खरं असेल तर ते सिद्ध करून दाखवायला हवं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की पाळत ठेवायची. ही नक्की काय करते ते डोळ्यांनी बघायचं, जागच्या जागी पकडायचं आणि नीट समजावून सांगायचं.

रविवारी दुपारपासून ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मटार सोलायचं निमित्त काढून बसले. सुनेने चार वाजता नवऱ्यासाठी कॉफी केली. बिया टाकल्या, दळल्या, रिंग नऊवर होती ती नऊवरच राहिली. तिने ग्राइंडर पुसला, बोटाने नऊचा आकडा दाबून एकदा खात्री केली आणि ओठांतल्या ओठांत "नऊ" म्हणाली. मग ती आणि नवरा दोघं बाजारात गेली. फोरमन बसून राहिले. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. मटार संपले. बाहेर अंधारून आलं, तसे ते उठले. गॅसचा खटका पाहिला. नळ पिळला. मिक्सरचं बटण शून्यावर आहे ना ते चाचपलं. शेजारी हात गेला.

कर्रर्र.

अगदी बारीक आवाज होता. बी चिरडल्याचा. फोरमननी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात ग्राइंडरच्या रिंगवर होता, आणि रिंग शून्यावर.

ते तसेच उभे राहिले. हात काढून घ्यायचंही त्यांना सुचेना. नऊ आणि शून्य यांच्यामधे अडकलेल्या बिया बंद यंत्रात चिरडून चकत्यांमधे ठासल्या जात होत्या, आणि सकाळी ती पोर रिंग परत नऊवर आणून बटण दाबत होती. तोवर आत सिमेंट झालेलं असायचं. ते बहिणीकडे होते तेव्हा फेरी नव्हती, म्हणून अडकणंही नव्हतं. एवढा साधा हिशेब होता. कारखान्यात एखाद्या पोराने तो मांडला नसता तर फोरमननी त्याला सोलून काढलं असतं.

पण हिशेबापेक्षा वेगळंच काहीतरी त्यांना आठवलं. तो नळ. बंद झालेला आणि परत चालू झालेला.

त्या वेळी त्यांनी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. फोरमननी ते केलं नाही. सून आणि मुलगा बाजारातून परत यायच्या आत त्यांनी टॉवेल अंथरला, चकत्या झाडल्या, रिंग नऊवर आणली आणि ते हात धुऊन बाल्कनीत जाऊन बसले. फेरी आता मिक्सरपाशीच थांबू लागली. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर चालला. तिसऱ्या दिवशीही चालला. जेवताना मुलगा म्हणाला, "शेवटी बाबांनी पकडलंच की! काय होतं हो?"

"किरकोळ," फोरमन ताटाकडे बघत म्हणाले. "जुळणीत होतं जरा."

"माझंच लक्ष नव्हतं," सून म्हणाली. "बाबा सांगत होतेच."

आयुष्यभर त्यांनी कौतुक मागून घेतलं होतं. आज ते न मागता मिळालं आणि ताटावरून उठून जावंसं वाटलं. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने पाठीवर थाप मारली, "मानलं फोरमन!" तेव्हा ते हसले, आणि आपण हसलो याची त्यांना पुढचे दोन मजले लाज वाटत राहिली.

मग त्यांच्या कानावर आणखी एक गोष्ट पडू लागली. सून काम करता करता एकटीच पुटपुटायची. "गॅस बंद केला. किल्ली खुंटीला लावली. दूध आत ठेवलं." आधी त्यांना वाटलं फोनवर बोलतेय. फोन टेबलावर होता. ती प्रत्येक वस्तूला हात लावून तिचा पाढा म्हणत होती. सकाळी ग्राइंडरसमोर उभी राहून ती त्यांना विचारायची, "बाबा, रिंग नऊवरच आहे ना? मी हलवली नाही ना?" तिचंच स्वयंपाकघर, तिच्याच पैशांचं यंत्र, आणि ती परवानगी मागत होती. फोरमन 'आहे, आहे' म्हणायचे आणि कॉफी जीभ भाजेपर्यंत घाईने पिऊन टाकायचे.

आज सांगू, उद्या सांगू असं करत त्यांनी जवळजवळ दोन आठवडे काढले. धीर होत नव्हता. आपोआप जगात काही होत नसतं, हे त्यांचं त्यांनाच ऐकू यायचं.

शुक्रवारी सकाळी सून बाहेर जायच्या कपड्यांत आली. खांद्याला पर्स होती. "बाबा, तुमची कॉफी झाकून ठेवलीय. मी जरा डॉक्टरांकडे जाऊन येते."

"बरं नाही का?"

"तसं नाही." ती दाराकडे बघत म्हणाली. "स्मरणाची तपासणी असते ना, ती करून घेते. आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. वस्तू कुठे ठेवली, कशी ठेवली... लवकर कळलं तर बरं असतं म्हणतात. यांना अजून सांगितलं नाही. तुम्हीही नका सांगू."

ती चपला घालू लागली. एक चप्पल घालून झाली.

"थांब," ते म्हणाले. आवाज कारखान्यातल्यासारखा निघाला, म्हणून ती दचकली. "अगं, ती रिंग... ती रिंग मी फिरवत होतो."

"काय?"

"मी. रोज संध्याकाळी. हे बघ." ते ओट्यापाशी गेले. त्यांना शब्दांनी सांगता येईना, म्हणून त्यांनी हातानेच दाखवलं. गॅस, नळ, मिक्सर, रिंग. कर्रर्र. "असं. सवयीने. शून्यावर आणायची सवय आहे. मला कळतही नव्हतं."

सून एका पायात चप्पल घालून तशीच आत आली. रिंगकडे बघत राहिली.

"मी विसरत नव्हते?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, बाळा."

ती स्टुलावर बसली. पदर नव्हता म्हणून तोंडावर हातच घेतले. रडतेय की काय म्हणून फोरमन पुढे झाले, पण तिने हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते, आणि ते बघून त्यांना जास्तच भीती वाटली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मटार सोलत बसलो होतो, त्या रविवारी," फोरमन म्हणाले.

"त्यानंतर आणखी एक रविवार गेला, बाबा." ती हळू आवाजात बोलत होती. "रात्री झोप लागत नाही मला. पडल्या पडल्या घरातल्या वस्तूंची नावं घेते. शाळेतल्या मुलींची नावं घेते. एखादं आठवलं नाही की उठून बसते. आणि तुम्ही सकाळी कॉफी पीत होतात."

फोरमनना धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. ते मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्यासमोर असे कितीतरी कामगार उभे राहिले होते, पण अशी मान त्यांनी स्वतः कधी घातली नव्हती.

"आत्यांना फोनवर सांगितलंत, तेव्हा मी इथेच होते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"नळ बंद झालेला ऐकला होता मी."

फोरमन बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी बहिणीला फोन लावला. खिडक्या उघड्या होत्या. त्या त्यांनी लावल्या नाहीत.

"अगं, मी बोलतोय! ते कॉफीचं यंत्र! मी बिघडवत होतो! मी!"

"कोण बिघडवत होतं?" पलीकडून बहीण विचारत होती. "सून?"

"ती नाही! मी! माझी चूक! तिला काही झालेलं नाही! तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं! मी खोटं बोललो!"

"मोठ्याने बोल रे, ऐकू येत नाही!"

"मी खोटं बोललो!" फोरमन ओरडले. खालच्या मजल्यावरचं शिलाई मशीन थांबलं. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई चिमटा हातात धरून बघत राहिली. फोरमनचे कान तापून लाल झाले होते, पण बहिणीला नीट समजेपर्यंत त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, आणि मग आणखी एकदा.

सून पर्स काढून ठेवत होती. "मी नंतर जाईन कधीतरी," ती म्हणाली. "आईचं आहे म्हटल्यावर एकदा बघून घ्यायलाच हवं. पण आज नाही." मग स्वयंपाकघरात जाता जाता ती थांबली. "आणि संध्याकाळच्या फेरीला इकडे याल तेव्हा हात खिशात घालून या."

पुढचे काही दिवस सकाळी ओट्यावर एकच कप असायचा. फोरमननी तो पाहिला आणि ते स्वतःसाठी चहा टाकायला शिकले. चहा पाणचट व्हायचा. संध्याकाळी ते हात खिशात घालून स्वयंपाकघरात यायचे, गॅसकडे, नळाकडे नुसते बघायचे आणि निघून जायचे. जिन्यात आता कुणी कॉफीचं विचारत नव्हतं. सगळ्यांना माहीत झालं होतं.

मग एका सकाळी आतून हाक आली. "बाबा, जरा येता का?"

ग्राइंडर चालू होता. शेजारी नव्या बियांचं पाकीट फोडलेलं होतं.

"या बियांना अजून बारीक दळण लागतंय," सून म्हणाली. "रिंग कमी करायची ती यंत्र चालू असतानाच, म्हणजे मधे काही चेपत नाही. बंद असताना नाही. मला एका हाताने भांडं धरायचंय. तुम्ही फिरवा."

"चालू मशीनला?" फोरमन म्हणाले. हात खिशातच होते.

"मी आहे ना इथे."

त्यांनी उजवा हात बाहेर काढला. घुमणाऱ्या यंत्राच्या गळ्यावर त्यांनी बोटं टेकवली, तेव्हा तो घरघराट कोपरापर्यंत चढला. उमेदवारीपासून कधी केलं नव्हतं ते ते करत होते, आणि डोळे मात्र यंत्राकडे नव्हते, सुनेकडे होते.

"हळू," ती पूड चिमटीत घेऊन बघत म्हणाली. "अजून. अजून थोडं. बास."

फोरमननी हात काढून घेतला आणि, तिने सांगायच्या आत, परत खिशात घातला.